चष्मेवाल्यांनो, बायनॉक्युलर आधी डोळ्यांना बसवा, मग आकाशाला लावा

गच्चीवर चार लोक जमले आणि बायनो हातात फिरायला लागला की दर वेळी तेच होतं. पहिला माणूस चष्मा काढून कपाळावर चढवतो, बायनो डोळ्याला लावतो, मधलं चाक इकडेतिकडे फिरवतो आणि म्हणतो, "तारे पसरट दिसतायत, लेन्स साधी असणार." मग दुसरा घेतो, तो चाकही फिरवतो आणि उजवीकडची रिंगही फिरवतो, तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत त्या यंत्राची पार वाट लागलेली असते आणि चौथी व्यक्ती म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी आई, ती बिचारी "मला काही दिसत नाही बाबा, माझेच डोळे गेलेत" म्हणून खाली जाते. तिचे डोळे गेलेले नसतात. क्रम चुकलेला असतो.

माझा स्वतःचा नंबर सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. उजवा उणे साडेचार, त्यात सिलेंडर सव्वा. डावा उणे चार, सिलेंडर पाव. पन्नाशी उलटलीय त्यामुळे वाचायला वेगळा चष्मा. पहिली तीन वर्षं मी चष्मा काढूनच बघायचो आणि बायनोला शिव्या घालायचो. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली एखादी गाळली तर पुढच्या सगळ्या फुकट जातात.

## १. आधी चष्म्याच्या नंबरचा कागद शोधा

हो, बायनो घ्यायच्या आधी, नवीन घेणार असाल तर दुकानात जायच्याही आधी. कागदावर प्रत्येक डोळ्यापुढे तीन-चार आकडे असतात.

पहिला आकडा स्फेरिकल, म्हणजे आपण ज्याला साधा नंबर म्हणतो तो, उणे किंवा अधिक. हा नंबर बायनोचं फोकस भरून काढतं. उणे तीनवाला माणूस चष्मा काढून चाक थोडं जास्त फिरवेल आणि त्याला तारे अगदी टोकदार दिसतील.

दुसरा आकडा सिलेंडर आणि त्याच्यापुढे ॲक्सिस, म्हणजे त्या दोषाची दिशा. इथेच सगळी मेख आहे. सिलेंडर म्हणजे बुबुळाचा वक्रपणा एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी, त्यामुळे एक दिशा फोकसला आणली की दुसरी सुटते. बायनोचं चाक कितीही फिरवलंत तरी हे जात नाही. ते फक्त चष्म्याने जातं, किंवा सिलेंडरवाल्या कॉन्टॅक्ट लेन्सने.

मी धरतो तो नियम असा:

सिलेंडर अर्ध्यापेक्षा कमी असेल तर चष्मा काढा, बिनधास्त. अर्धा ते एकच्या मध्ये असेल तर दोन्ही करून बघा आणि ज्याने तारा बारीक दिसेल ते धरा. एकच्या वर असेल तर चष्मा लावूनच बघायचं. दोन डोळ्यांचं वेगवेगळं असेल, माझ्यासारखं, तर जास्त सिलेंडरवाल्या डोळ्याचं ऐकायचं.

शेवटचा आकडा ॲड, म्हणजे वाचायचा नंबर. त्याचा बायनोशी काही संबंध नाही, तो फक्त नकाशा वाचताना लागतो.

तपासा: कागद वर्ष-दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर डोळे परत तपासून घ्या. चाळिशीनंतर सिलेंडर आणि ॲक्सिस दोन्ही हळूहळू सरकतात आणि दिवसा ते जाणवतही नाही.

सावध: मोतीबिंदू धरायला लागला असेल तर दिव्यांभोवती वलय आणि धुरकटपणा येतो, तो कुठल्याही बायनोने जाणार नाही, उगाच महागडी वस्तू घेऊ नका. आणि डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम सडा पडणं, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर आकाश बघणं बंद करून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. उणे नंबर मोठा असणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका त्यांना जास्त असतो.

## २. योग्य आकडे असलेला बायनो निवडा

बायनोवर ७×५०, ८×४२, १०×५० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ७×५० चं साधारण ७.१ येतं, १०×५० चं ५, ८×४२ चं सव्वापाच, १०×४२ चं ४.२. हा भागाकार म्हणजे मागच्या काचेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. बायनो हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखलात तर आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या काचेत, तो गोल पांढरा ठिपका दिसतो.

हा आकडा खराब डोळ्यांसाठी का महत्त्वाचा? कारण तो जितका मोठा तितका तुमच्या बुबुळाचा जास्त भाग वापरला जातो आणि जितका जास्त भाग वापरला जातो तितका सिलेंडरचा दोष उघडा पडतो. एक नंबर सिलेंडर आणि ५ मिमीचा गोल असेल, तर तारा ठिपका न राहता एक फराटा होतो, जवळपास नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा! तोच गोल अडीच मिमीचा असता तर फराटा निम्मा झाला असता. म्हणून मोठ्या टेलिस्कोपमधून जास्त पॉवरला चष्मा काढून छान दिसतं आणि साध्या बायनोमधून दिसत नाही, आणि लोक म्हणतात बायनो खराब.

दुसरी गोष्ट वय. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमीच्या आसपास उघडते, पन्नाशी-साठीत ती बऱ्याच जणांची ५ च्या आसपास अडकते. पुण्यातल्या उजळ आकाशाखाली तरुणाचीसुद्धा पूर्ण उघडत नाही. म्हणजे ७×५० मधला बराच प्रकाश बाहुलीच्या बाहेरच पडणार. तोटा नाही, डोळा थोडा हलला तरी चित्र टिकतं हा फायदाच आहे, पण किलोभर वजन उचलून ५ मिमीचंच काम होणार असेल तर ८×४२ बरा. चष्मा लावून बघणाऱ्याला मी पहिला बायनो म्हणून ८×४२ च सांगतो. हात स्थिर असेल तर १०×५०. त्याच्या वर हातात धरून नाही.

तिसरा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, आय रिलीफ. डोळा आयपीसपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्मा लावून बघायचं असेल तर १६ मिमीच्या खाली जाऊ नका, १७-१८ असेल तर उत्तम. ११-१२ वाला घेतलात तर चष्म्यातून मधला तेवढा तुकडा दिसेल, खिडकीच्या भोकातून लग्न बघितल्यासारखं.

एका वेळी किती आकाश दिसतं ती रुंदी मोजायची असेल तर खोक्यावर १००० मीटरला अमुक मीटर असं लिहिलेलं असतं, त्याला साडेसतराने भागलं की अंश मिळतात. ११४ मीटर म्हणजे साडेसहा अंश. सहाच्या वर हवं.

काय घेऊ नये: झूमवाला बायनो, लालभडक काचांचा बायनो, आणि खोक्यावर शंभर-दोनशे पट लिहिलेला बायनो. लालभडक कोटिंगवाला मी एकदा घेतलाय. दुकानदार म्हणाला मिलिटरीचा आहे. त्यातून चंद्र हिरवट दिसायचा.

आता २ पटवाल्याबद्दल, कारण हल्ली बरेच जण विचारतात. छोट्या जाडजूड नळ्या असतात, दोनच पट मोठं दाखवतात पण एका वेळी अख्खं मृग नक्षत्र मावेल एवढी रुंदी असते. नुसत्या डोळ्यांपेक्षा साधारण दीड प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) अंधुक तारे दिसतात, म्हणजे शहरात हरवलेलं नक्षत्र परत जोडता येतं. पण त्याचे नियम वेगळे. दोन्ही नळ्यांचं फोकस स्वतंत्र असतं, आणि डोळा काचेपासून जरा लांब गेला की रुंदी झपकन कमी होते, त्यामुळे चष्मा लावून बघितलं तर अर्धी मजा जाते. साधा नंबर असेल आणि तेवढं फोकस पोचत असेल तर चष्मा काढून छान चालतो. सिलेंडर मोठा असेल तर मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारा दोष जसाच्या तसा येतो. अशांनी विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून बघावा. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनाला गेलात तर लोक आपापले बायनो घेऊन आलेले असतात आणि गोड बोललं की डोळा लावू देतात.

## ३. कुठला चष्मा लावायचा ते ठरवा

चष्मा लावून बघायचं ठरलं असेल तर तो फक्त लांबचा, एकाच नंबरचा हवा. प्रोग्रेसिव्ह नको. प्रोग्रेसिव्हमध्ये वरून खाली नंबर बदलत जातो, बायनो जरा खाली सरकला की तुम्ही वाचायच्या नंबरमधून आकाश बघताय आणि फोकसच्या चाकाशी झटापट सुरू. जुन्या फ्रेममध्ये आजच्या नंबरच्या साध्या काचा घालून घ्या, ते फार महाग पडत नाही. फ्रेम चापट हवी, काच डोळ्याच्या जितकी जवळ तितकं चांगलं. ॲण्टी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्या, नाहीतर मागच्या बिल्डिंगचा एलईडी काचेवर चमकत राहतो. ओरखडे पडलेला चष्मा "रात्रीला चालेल" म्हणून ठेवू नका, रात्रीलाच तो चालत नाही.

आणि बायनोचे आयकप, म्हणजे आयपीसभोवतीची डोळा टेकवायची कडी, कडक प्लास्टिकचे असतील तर काचेवर घासून गोल ओरखडे उमटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पातळ रिंग कापून आयकपवर चढवा. दिसायला गावठी दिसतं, काम चोख होतं.

## ४. दिवसा बायनो डोळ्यांना बसवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण बहुतेक लोक ही पायरी रात्री अंधारात आणि तीही लुकलुकणाऱ्या व्याधावर करायला जातात. दिवसा करा, सकाळी.

लांबची एक बारीक तपशिलाची वस्तू शोधा, किमान अर्धा-एक किलोमीटर लांब. एखाद्या बिल्डिंगवरच्या बोर्डाची अक्षरं चालतील, टाकीची शिडी चालेल. सिंहगड रोड, कोथरूड, वारजे या बाजूच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर दिसतो, हवा स्वच्छ असेल तर त्याच्याइतकी छान वस्तू नाही.

सावध: सूर्य. बायनो सूर्याच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो आणि जाताना दुखतही नाही. सकाळी करा म्हणालो ते यासाठीच, हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य सिंहगडाच्याच बाजूला उतरत असतो. लहान मुलांच्या हातात दिवसा बायनो देऊन आत चहा आणायला जाऊ नका.

आता क्रम.

क. आयकप. चष्मा लावून बघणार तर आयकप पूर्ण खाली, फिरवून किंवा दुमडून. चष्म्याशिवाय तर पूर्ण वर. चष्मा लावलाय आणि आयकप वर, ही चूक दर दुसरा माणूस करतो.

ख. दोन डोळ्यांतलं अंतर. मधला बिजागरीचा सांधा उघडमिट करत राहा, दोन गोल एकावर एक येऊन एकच स्वच्छ गोल दिसेपर्यंत. सिनेमात दाखवतात तसे दोन गोल शेजारी-शेजारी दिसत असतील तर बसलेलं नाही. बिजागरीवर आकडे असतात, तुमचा आकडा लक्षात ठेवा.

ग. डावा डोळा, मधलं चाक. उजव्या बाजूची पुढची काच टोपणाने झाका. डोळा मिटू नका! एक डोळा आवळून मिटला की दुसराही आवळला जातो, पापण्यांचा दाब येतो आणि नंबर तात्पुरता बदलतो. दोन्ही डोळे उघडे, एक नळी झाकलेली. आता चाक आधी जवळच्या वस्तूच्या बाजूला नेऊन ठेवा आणि तिथून हळूहळू लांबच्या बाजूला फिरवत या, अक्षरं पहिल्यांदा स्पष्ट झाली की थांबा. पुढे-मागे, पुढे-मागे करत बसू नका. विशेषतः चाळिशीच्या आतले डोळे स्वतःच ताण घेऊन फोकस करतात, तुम्हाला वाटतं चाक बरोबर आहे, आणि दहा मिनिटांनी डोकं दुखतं.

घ. उजवा डोळा, फक्त रिंग. टोपण काढून डाव्या पुढच्या काचेवर लावा. मधल्या चाकाला आता हात लावायचा नाही. उजव्या आयपीसची रिंग फिरवा, तीही तशीच एका बाजूने येत येत, पहिल्या स्पष्ट जागी थांबा. काही बायनोत ही रिंग डावीकडे असते, तसं असेल तर डावा-उजवा उलटा करा. काहींत मधलं चाकच नसतं, तिथे दोन्ही बाजू स्वतंत्र लावायच्या.

ङ. दोन्ही काचा उघडून बघा. मग रिंग मुद्दाम विस्कटा आणि ग-घ परत करा. असं तीन वेळा. तिन्ही वेळा रिंग साधारण त्याच खुणेवर आली तर तो तुमचा आकडा. तिथे नेलपॉलिशचा एक टिपका लावा. घरात दोघं जण वापरणार असाल तर दोन रंग, आमच्याकडे लाल बायकोचा आणि पांढरा माझा.

चष्मा लावून हे केलंत आणि चष्म्याचा नंबर बरोबर असेल तर रिंग शून्याच्या आसपास यायला हवी. फार लांब गेली तर एकतर चष्मा जुना झालाय किंवा बायनोत काहीतरी गडबड आहे.

तपासा: चष्मा काढून बघणारे मोठ्या नंबरवाले, उणे पाच-सहा किंवा जास्त, त्यांनी चाक लांबच्या टोकापर्यंत नेऊन बघावं. टोकाला पोचूनही लांबची वस्तू पुसटच असेल तर त्या बायनोचं फोकस तुमच्या नंबरला पुरत नाही, चष्मा लावा. दोन डोळ्यांच्या नंबरात तीन-चारचा फरक असेल तर रिंगही टोकाला अडकते, तिथेही उत्तर तेच.

तपासा: अर्धा मिनिट दोन्ही डोळ्यांनी एकाच जागी बघा आणि बायनो हळूच डोळ्यांपासून इंचभर लांब न्या. एकाच टॉवरचे दोन टॉवर झाले किंवा डोळ्यांत ओढ जाणवली तर दोन नळ्या समांतर नाहीत. असा बायनो परत करा. घरी स्क्रू पिळत बसू नका.

## ५. बसायची जागा

ही पायरी लोक टाळतात आणि मग म्हणतात मान दुखली. उभं राहून डोक्यावरचं आकाश बघताच येत नाही, त्यात चष्मा असेल तर बायनोचं सगळं वजन नाकावर. मागे कलणारी आरामखुर्ची, किंवा चटई आणि दोन उश्या. कोपर टेकले पाहिजेत, अंगठे गालाच्या हाडाला, म्हणजे वजन चष्म्यावर न येता हाडावर येतं. हात थरथरत असतील तर लांब दांड्याच्या झाडूचा दांडा काढून मांडीत टेकवायचा आणि वरच्या टोकावर बायनो ठेवायचा. हसू नका, ट्रायपॉडपेक्षा बसून बघताना हाच जास्त सोयीचा पडतो.

पुण्यात गच्चीवरून बघताना पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, दिवे थेट डोळ्यात येणार नाहीत अशा बाजूला. सप्तर्षीतला मधला अंधुक तारा, अत्री, नुसत्या डोळ्यांनी दिसला तर तुमच्या गच्चीच्या मानाने रात्र चांगली आहे असं समजा. खरा अंधार हवा असेल तर पानशेत, वेल्हे, भोरच्या बाजूला जा, तिकडून पुण्याचा उजेड ईशान्येला किंवा उत्तरेला राहतो आणि दक्षिण आकाश मोकळं मिळतं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दव इतकं पडतं की चष्मा आणि आयपीस दोन्ही धुरकटतात, म्हणून बघत नसाल तेव्हा बायनो जॅकेटच्या आत. तोंडावर मफलर गुंडाळलात तर श्वास वर जाऊन चष्म्यावर बसतो, मफलर हनुवटीच्या खाली.

डासांचं क्रीम लावलं की हात धुवा, मग काचांच्या आसपास जा.

## ६. रात्री, पहिला अर्धा तास

१. चष्मा उजेडात पुसून घ्या. अंधारात पुसायला गेलात तर कण घासले जातात.

२. वीस-तीस मिनिटं अंधारात बसा. फोन नाही. नकाशा बघायचाच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या, आणि वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात, खिशात नाही, मी खिशातला एक मोडलाय.

३. बिजागरी आणि रिंग तुमच्या खुणेवर आहे का ते बोटाने चाचपून बघा. कुणीतरी हलवलेली असतेच.

४. मध्यम तेजाचा तारा घ्या, सगळ्यात तेजस्वी नको. फक्त मधलं चाक फिरवून तो सगळ्यात बारीक करा. दिवसाच्या जागेपेक्षा चाक किंचित पुढे न्यावं लागेल, कारण अंधारात बऱ्याच जणांचा डोळा थोडा जास्त उणे होतो. त्यासाठी रिंगला हात लावायचा नाही.

५. डोक्यावरून शाल किंवा स्कार्फ ओढून घ्या, आयपीसच्या बाजूंनी येणारा उजेड अडतो. चष्मा आणि आयकप यांच्यात फट राहते, तिथून रस्त्यावरचा दिवा आत शिरतो आणि काचेवर भूत दिसतं. पुण्यात स्कूटरवर निघणाऱ्या मुलींकडे याची तयारी आधीच असते.

दोष कुणाचा ते ओळखा: तारा अजूनही काटेरी दिसतोय? एका डोळ्याने बघत फक्त बायनो गोल फिरवा, डोकं स्थिर. काटे बायनोबरोबर फिरले तर दोष बायनोचा. फिरले नाहीत तर तुमचा. आता बायनो स्थिर धरून डोकं तिरकं करा, काटे डोक्याबरोबर फिरले तर पक्कं झालं. अजून एक खूण, चाक फोकसच्या अलीकडून पलीकडे नेताना तारा आधी उभी रेघ आणि मग आडवी रेघ होत असेल (किंवा दोन्ही तिरक्या) तर ते सिलेंडरचंच काम. चष्मा असूनही असं होत असेल तर ॲक्सिस बदललाय, चष्म्याच्या दुकानाऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आत लेन्स बसवलेले लोक बहुतेक वेळा लांबच्या नंबरवर सेट केलेले असतात, त्यांनी आधी चष्म्याशिवाय बघावं. मल्टिफोकल लेन्स असेल तर तेजस्वी ताऱ्यांभोवती कडी दिसतील, त्याला फोकस करून काही फरक पडत नाही, अंधुक ताऱ्यांकडे वळा.

## ७. काय बघायचं, आणि बघताना काय तपासायचं

कमी पॉवरच्या रुंद बायनोला रुंद गोष्टी द्या. शनीची कडी शोधत बसू नका.

चष्म्यातून पूर्ण रुंदी मिळतेय का हे आधी बघा. सप्तर्षीतले ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे, क्रतू आणि पुलह, एकमेकांपासून साधारण साडेपाच अंशांवर आहेत. दोन्ही एका वेळी आत मावले तर काम झालं. मावत नसतील आणि बायनो साडेसहा अंशांचा असेल, तर आयकप वर आहेत किंवा चष्मा डोळ्यापासून लांब बसलाय.

हिवाळ्यात कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना माझ्यासारख्याला तो कापसाचा बोळा दिसतो, बायनोतून दहा-वीस-तीस निळसर टाचण्या. मग रोहिणीच्या भोवतालचा व्ही आकाराचा गुच्छ, तो पाचेक अंशांचा आहे त्यामुळे टेलिस्कोपमध्ये मावतच नाही, बायनोचाच माल. त्या व्हीमध्ये एक जवळजवळ असलेली जोडी आहे, दोन्ही तारे वेगळे, स्वच्छ दिसले पाहिजेत. नंतर मृगाचा पट्टा आणि त्याच्या खालचा तेजोमेघ एकाच दृश्यात. तेजोमेघाकडे थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, कडेच्या नजरेला अंधुक उजेड जास्त कळतो. ही तिरकी नजर जमायला आठवडाभर लागतो, एका रात्रीत सोडून देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये पुष्याचा गुच्छ पश्चिमेकडे, आणि डोक्यावर अरुंधती केश, जो शहरातून नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही आणि बायनोत पूर्ण खिडकी भरून टाकतो. वेल्ह्यासारख्या ठिकाणी असाल तर दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी शोधा, पुण्याच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त २४ अंश चढतो. पुसट गोल डाग दिसेल, ताऱ्यासारखा टोकदार दिसला तर चुकीची वस्तू. मे अखेरीस पाऊस यायच्या आधी रात्री उशिरा वृश्चिकाच्या नांगीशेजारचे दोन गुच्छ, एम ६ आणि एम ७.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस सरला की शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मधला जोडगुच्छ, आणि देवयानीतली दीर्घिका. दीर्घिकेकडून फार अपेक्षा ठेवू नका, गच्चीवरून तो लांबट धूर आहे. त्याच महिन्यांत संध्याकाळी अभिजित पश्चिमेला असतो, त्याच्या अगदी शेजारी एक जोडतारा आहे, एप्सिलॉन. बायनोत दोन वेगळे ठिपके दिसले तर तुमची सगळी बसवणी बरोबर. एकच लांबट तारा दिसला तर पायरी चारवर परत या.

## ८. पाहुण्यांच्या हातात देताना

तुमची रिंग खुणेवर ठेवा आणि पाहुण्याला सांगा, "चष्मा आहे का, सिलेंडर आहे का?" बहुतेकांना माहीत नसतं. मग चष्मा लावूनच द्या, आयकप खाली, आणि फक्त मधलं चाक फिरवायला सांगा. चष्मा लावला की बहुतेकांचे दोन्ही डोळे सारख्या पातळीवर येतात, त्यामुळे शून्यावरची रिंग जवळपास सगळ्यांना चालते, म्हणजे पुढच्या माणसासाठी परत पहिल्यापासून सुरुवात नको. वयस्कर माणसांना आधी खुर्चीत बसवा, मग बायनो द्या, आणि पहिली वस्तू कृत्तिका किंवा चंद्रकोर द्या. गळ्यात पट्टा अडकवल्याशिवाय कुणालाही नाही, सासरे असले तरी.

## ९. आवराआवर

दव बसलेला बायनो टोपण लावून बॅगेत कोंबू नका, घरी आल्यावर तासभर उघडा ठेवा. काच शर्टाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा आणि मगच मऊ कापड.

जून ते सप्टेंबर पुण्यात बायनो काढायचा प्रश्नच नसतो, पण काचेला बुरशी याच महिन्यांत धरते, कातडी केसमध्ये तर हमखास. केस बाजूला ठेवा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. दर दोन-तीन आठवड्यांनी डबा बघा, दाणे गुलाबी झाले असतील तर ते मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे, त्यासाठी स्वयंपाकघरातला तवा वापरायचा नाही, जुनं भांडं वेगळं ठेवायचं.

आणि ऑक्टोबरमध्ये डबा उघडाल तेव्हा आधी नंबरचा कागद काढा.